अर्ध्या वाटेवरचं कॉलेज

“पुढचं कोण?” मॅडमनी मान वर न करता हाक मारली आणि आधीच्या मुलाचे कागद खणात सरकवले. समोरची खुर्ची ओढल्याचा आवाज आला. वर पाहिलं तर खुर्चीत त्यांचीच मुलगी.

“तू इथे काय करतेयस?”

“नंबर लावलाय. सगळ्यांसारखा.”

“घरी बोलू.”

“घरी तू आई असतेस. मला इथेच बोलायचंय, मॅडम.”

शाळेच्या दुसऱ्या मजल्यावरची ही मार्गदर्शनाची खोली. शाळा संपल्यावर कुठे शिकायचं हे ज्यांना कळत नसे, किंवा कळत असूनही घरी सांगायची हिंमत नसे, ती मुलं इथे येत. मॅडम त्यांना कॉलेजं शोधायला लावत, तिथे स्वतः फोन करायला लावत आणि शक्यतो लांब पाठवत. पोरं त्यांना पाठीमागे ‘लांबपल्ला मॅडम’ म्हणत. स्वतःच्या मुलीने मात्र गावातल्याच कॉलेजात जावं, असं मॅडमनी ठरवून टाकलं होतं. तसं बोलून दाखवलं नव्हतं, जेवताना नुसतं त्या कॉलेजचं कौतुक सुरू करायचं. मुलीचे वडील गेल्यापासून घरात दोघीच. रात्री दाराची कडी लावताना आत कुणीतरी आहे, एवढ्यानेच मॅडमना बरं वाटे. साधी गोष्ट होती, पण कबूल करायचं जिवावर येत होतं.

शेजारच्या टेबलावर नवे सर पेन्सिलीला टोक करता करता थांबले. नोकरीत त्यांचं पहिलंच वर्ष, आणि मॅडमपुढे त्यांची बोबडी वळायची.

“घरच्या माणसाचं काम दुसऱ्या टेबलावर जातं,” मुलगी म्हणाली. “नियम तुमचाच आहे, मॅडम.”

ती उठली आणि सरळ नव्या सरांसमोर जाऊन बसली. बाहेरच्या रांगेतल्या पोरांनी दारातून माना आत घातल्या. चारचौघांत तमाशा नको म्हणून मॅडम उठल्या आणि दाराजवळच्या पालकांच्या खुर्चीत जाऊन बसल्या. तिथे बसणाऱ्याने शेवटपर्यंत तोंड उघडायचं नाही, हाही नियम त्यांचाच. इतक्या वर्षांत त्या कधी त्या खुर्चीत बसल्या नव्हत्या. खुर्चीचा एक पाय आखूड आहे, हे त्यांना आज कळलं.

“वि... विषय?” सरांनी विचारलं.

“भूगर्भशास्त्र.”

“गावातल्या कॉलेजात?”

“तिथे तो विषयच नाही. आई म्हणते रसायनशास्त्र घे, दगड काय, सुट्टीत गोळा करशील.”

“मी असं कधी...” मॅडम म्हणाल्या.

“मॅडम, पालकांनी...” सरांनी घाबरत घाबरत बोट वर केलं. दारातली पोरं फिदीफिदी हसली. मॅडमनी बसल्या जागेवरून हात लांबवून दार लावून टाकलं.

सरांनी नेहमीचा प्रश्न विचारला. “तू गेल्यावर घरी कोण?”

“आई. एकटी.”

“मग?”

“मग राहील की! इतकी पोरं पाठवली तिने, त्यांच्या आया राहिल्याच ना? त्यांना तिने त्याच खुर्चीत बसवून समजावलं. मी लहानपणापासून ऐकतेय, मुलांना धरून ठेवू नका, धरून ठेवू नका. आणि स्वतःवर वेळ आली तर ही कॉलेजच्या कॅन्टीनचं कौतुक सांगत बसते.” तिचा आवाज चढला होता, कानही लाल झाले होते. “मी जाणार. रागावली तर रागावली.”

मॅडमना राग आला. खूप आला. पण मुलगी बोलली त्यात खोटं काहीच नव्हतं, त्यामुळे तो राग काढायचा कुणावर ते कळेना. त्या मांडीवरची पर्स उगाच उघडत-मिटत राहिल्या.

मुलीने एक माहितीपत्रक सरांपुढे ठेवलं. “हे ठरलंय माझं. इथून पाच तास. शुक्रवारी दुपारी निघालं की रात्री घरी.”

सरांनी ते चाळलं, मान डोलावली. “छान आहे की. मॅडम, आता तुम्ही... म्हणजे बोलू शकता.”

मॅडम उठून टेबलापाशी आल्या. पत्रक एकदा पुढून वाचलं, एकदा मागून.

“हे नको.”

“बघा!” मुलगी सरांना म्हणाली. “मला माहीतच होतं.”

“इथे हा विषय नावापुरता आहे. मी दोघांना पाठवून हात पोळून घेतलेत. शिकवायला एकच माणूस, तोही अर्धा वेळ. डोंगर दाखवायला नेतो म्हणाला आणि तीन वर्षं फळ्यावर डोंगर काढत बसला.” मॅडमनी पत्रक खाली ठेवलं. “आणि हे तुलाही माहितेय. तू चार दुकानं पालथी घातल्याशिवाय साधी चप्पल घेत नाहीस. मग हे का घेतलंस?”

मुलगी पत्रकाची कड दुमडू लागली.

“शुक्रवारी निघालं की रात्री घरी. म्हणून ना?”

“तसं काही नाहीये.” भांडणाचा सगळा जोर गेला होता.

“माझी कीव करून निवडलेलं कॉलेज मला चालणार नाही. तुझ्या विषयाला सगळ्यात चांगलं कुठलं?”

“दोन दिवस लागतात तिथे पोचायला.”

“अंतर कुणी विचारलं?”

मुलीने नाव सांगितलं, अगदी हळू. खुद्द लांबपल्ला मॅडमनीही तिकडे आजवर कुणाला पाठवलं नव्हतं.

“आई, तू एकटी काय करशील?”

“ते माझं मी बघेन. रडेन, नाहीतर मांजर पाळेन. फोन लाव.”

सरांनी नंबर शोधून दिला आणि फोन पुढे सरकवला. पलीकडे बराच वेळ घंटी वाजत राहिली.

“नमस्कार, मला भूगर्भशास्त्राच्या प्रवेशाबद्दल...” मुलीने सुरुवात केली.

पलीकडच्या बाईंनी तिला मध्येच तोडलं. त्यांचा आवाज इतका खणखणीत होता की रिसीव्हरमधून सगळ्या खोलीला ऐकू आला. “पालक आहेत का तिथे? त्यांना द्या जरा.”

मुलीने रिसीव्हर कानापासून लांब धरला आणि आईकडे पाहिलं. नेमकं तेव्हाच मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि लपवायला वेळ नव्हता. त्यांनी जोरजोरात मान हलवली. नाही.

मुलीने रिसीव्हर पुन्हा कानाला लावला.

“नाहीत,” ती म्हणाली. “मी एकटीच आहे. विचारा.”