टाचेचे मोजे

रत्नमालाच्या पोटात दुखत होतं आणि त्यावर औषध नव्हतं. दुखणं होतं जावेच्या हातातल्या सुयांचं. त्याला डॉक्टर तरी काय देणार, कपाळ?

तशी रत्नमाला काही वाईट बाई नव्हती बरं का. चिकलठाण्याच्या पुढं, जिथं काल-परवापर्यंत ज्वारी उभी असायची आणि आता प्लॉटिंगचे दगड उभे आहेत, तिथल्या गल्लीत कुणाच्याही घरी पाळणा हलला की पहिलं टोपडं रत्नमालाचं. मागावं लागायचं नाही. शाळेत शिवणाच्या बाईंनी हातात दोन सुया दिल्या, त्या तिनं लग्न झालं, लेक झाली, लेकीचं लग्न झालं तरी खाली ठेवल्या नाहीत. पावसानं दगा दिला, नळाला आठ-आठ दिवस पाणी येईना, बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघत उन्हात बसायला लागल्या, तर ही तिथंही उपड्या हंड्यावर बसून विणायची. बाया म्हणायच्या, "रत्नमालाबाई, हाताला काय चाकं लावलीत का वो?" ती वर बघायची नाही. पण त्या एका वाक्यासाठी ती दुसऱ्या दिवशी टँकर यायच्या किती तरी आधी जाऊन बसायची.

आणि मग धाकट्या दिराचं, हनुमानचं लग्न झालं आणि प्रांजली घरात आली. सिडकोत वाढलेली, बोलायला मऊ, कामाला चलाख. तिला पहिला टाका रत्नमालानंच शिकवला. सुलट असा, उलट असा. मोठ्या कौतुकानं शिकवला हो! तर ह्या बयेनं काय करावं? मोबाईलवर कुठल्या कुठल्या बायांचं विणकाम बघितलं, गुलमंडीच्या बाजारातनं दोन्हीकडून टोकं असलेल्या बारक्या सुया आणल्या आणि टाचेचे मोजे विणून दाखवले.

आता रत्नमालाचा मोजा म्हणजे सपाट तुकडा विणायचा, दुमडायचा, शिवायचा, घोट्याशी नाडी ओवायची. लेकरानं दोन लाथा झाडल्या की मोजा पाळण्याखाली. गल्लीतली सगळी लेकरं असेच मोजे पाडत मोठी झाली, कुणाचं काही म्हणणं नव्हतं. प्रांजलीच्या मोज्याला मात्र शिवण नाही, आणि मागं टाच अशी वळलेली, की पाय आत गेला की बसलाच. टँकरच्या रांगेतल्या बाया तिच्या भोवती गोळा झाल्या. "अगं बया! ही टाच कशी गं काढलीस?" जिच्या हाताला चाकं होती, तिच्याकडं त्या दिवशी कुणी बघितलं नाही. रत्नमाला हंडा न भरताच घरी आली आणि पाणी संपलं होतं असं खोटंच बोलली.

तिनं टाच करून बघितली नाही असं नाही. दुपारी दार लावून बसली, चार वेळा विणली, चार वेळा उसवली. टाके गळायचे, भोक पडायचं. प्रांजलीला विचारलं असतं तर पोरीनं हसत शिकवलं असतं. पण विचारायचं? जिला आपण सुई धरायला शिकवलं तिला? त्यापेक्षा सुया चुलीत घातलेल्या बऱ्या.

एवढ्यावर भागलं असतं. पण रत्नमालाची एकुलती एक लेक संस्कृती बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली, गोरीगोमटी, जावळ दाट. आता लेक सासरी जाताना तिच्यासोबत बाळंतविडा जाणार. दुपटी, झबली, टोपडं, स्वेटर, मोजे, सगळं माहेरच्या हातचं. सासरच्या बाया ते उलगडून बघणार, या हातातनं त्या हातात देणार आणि विचारणार, कुणी केलं? रत्नमाला ह्या प्रश्नाची वाट लेकीच्या लग्नापासून बघत होती. पिवळा स्वेटर तर तिनं असा केला होता, की दृष्ट लागावी.

आणि एक दिवस पोरीला तेल लावता लावता संस्कृती सहज म्हणाली, "आई, मोजे काकूंना करू दे. तुझे ऱ्हात नाहीत गं पायात."

सहजच म्हणाली. पोटची पोर. "व्हय, करू दे की," ती म्हणाली. आतून मात्र तिच्या अंगाचा तिळपापड झाला. गल्लीतल्या बाया गेल्या तर गेल्या, आता ही पोरगीबी नेती का काय माझी?

चार दिवसांत प्रांजलीनं मोजे आणून दाखवले. गुलाबी, पिसासारखे हलके. सगळ्या घरानं कौतुक केलं. रत्नमालानंही तोंडदेखलं केलं. मग तिला एक गोष्ट सुचली आणि मत्सरात सुचलेली गोष्ट माणसाला नेहमी फार हुशारीची वाटते.

घरात एक पत्र्याची पेटी होती. मागच्या मोठ्या दुष्काळात चारा संपला आणि सासऱ्यांनी मेंढरं विकली, त्याआधीची शेवटची कातरण त्यात कडुलिंबाचा पाला घालून ठेवली होती. म्हाताऱ्यानं हयात असताना स्वतः कातलेली, काळीभोर लोकर. प्रांजलीकडं मोबाईल असंल, पण तिच्या बापाकडं मेंढरं होती का? ती आपली दुकानातलं प्लास्टिक विणणार. माझी नात आपल्या मेंढरांच्या लोकरीचे मोजे घालून बापाच्या घरी जाईल, मग बघू कुणाची टाच कोण बघतंय ते!

पेटी उघडलेली सासूनं, सारजाबाईनं बघितली. जन्म मेंढरांमागं गेलेली म्हातारी. "ती कशाला काढली गं?"

"मोजे करावं म्हणलं, आत्याबाई. आपल्या घरची आठवण."

"कुणाला? तान्ह्या पोरीला?" म्हातारी हसलीच. "घोंगडीची लोकर हाय ती. मोठ्या माणसाला टोचती. सदऱ्यावरनं पांघरावी लागती."

"मऊ करून घेते की."

"कशानं करशील? बोलून?" म्हातारी म्हणाली आणि तंबाखू मळायला लागली.

हे रत्नमालाला ठाऊक नव्हतं होय? मेंढरांच्या घरात जन्मली, मेंढरांच्या घरात आली. ती लोकर उघड्या अंगाला लावत नाहीत, हे त्यांच्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पण आमची पोरं घोंगडीवरच वाढली, काय झालं त्यांना, असं तिनं स्वतःलाच बजावलं आणि विणायला बसली.

संस्कृतीला न्यायला आले त्या दिवशी थंडी होती. कन्नडहून जीप आली, विहीण मालनबाई आणि तिच्या दोन नणंदा उतरल्या. त्यांना पाणी द्यायच्या गडबडीत रत्नमालानं गुलाबी मोजे उचलून तांदळाच्या डब्यामागं सारले आणि आपले काळे मोजे पोरीच्या पायात चढवले. ह्या वेळी पडू नयेत म्हणून नाडी जरा आवळून बांधली. दुपट्यात गुंडाळलं, लेकीच्या हातात दिलं.

सतरंजीवर बाळंतविडा उलगडला. पिवळा स्वेटर हातोहात फिरला. "इहीणबाई, लई नजाकतीचं काम!" मालनबाई म्हणाली. रत्नमालाच्या जिवाला कुठं बरं वाटतंय, तोच पोरगी रडायला लागली. आधी कुरकुर, मग टाहो. पाजलं, घेईना. पाठ थोपटली, हिंग लावला, राहीना. कुणी म्हणे पोट धरलं, कुणी म्हणे नजर लागली. पोरगी लाल झाली, पाय झाडत सुटली. रत्नमाला जागची हलली नाही. तिला कळलं होतं. पण सगळ्यांसमोर मोजे काढायचे म्हणजे काय, सांगा!

"द्या बरं माझ्याकडं," म्हणून प्रांजली पोरीला आतल्या खोलीत घेऊन गेली. मागोमाग रत्नमाला गेली. प्रांजलीनं दुपटं सोडलं, मोजे काढले. इवलीइवली पावलं रक्तासारखी लाल, पुरळ उठलेलं, घोट्यावर नाडीचा वळ. प्रांजलीनं मोज्यांकडं बघितलं. मग जावेकडं बघितलं.

बोल, रत्नमाला मनात म्हणाली. बोल एकदाची. भांड.

प्रांजलीनं काळे मोजे कपाटात टाकले, पायांना खोबरेल लावलं आणि आपण केलेला दुसरा जोड, पांढरा, पोरीच्या पायात घातला. पोरगी मुसमुसत गप्प झाली. प्रांजली तिला बाहेर घेऊन आली आणि म्हणाली, "काही नाही, गरम होत होतं तिला."

मालनबाईनं नातीला मांडीवर घेतलं आणि तिचे डोळे पायांवर गेले. "आगं बाई! काय सुरेख टाच हाय ही! कुणी केले गं हे?"

"ताईंनीच," प्रांजली म्हणाली.

"तरीच! इहीणबाई, तुमच्या हातात देव हाय बघा."

ज्या वाक्यासाठी रत्नमालानं जिवाचा आटापिटा केला, ते वाक्य असं आयतं ताटात आलं. घ्यायचं आणि गप्प बसायचं, एवढंच होतं. क्षणभर तिनं घेतलंही. गोड लागलं. मग तिनं प्रांजलीकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर ना तोरा, ना उपकार केल्याचा भाव. सतरंजीवरच्या दुपट्यांच्या घड्या घालत बसली होती. आणि रत्नमालाच्या डोक्यात तिडीक गेली. टाच हिची, लोकांचं कौतुक हिचं, माझी लेकही हिचीच, आणि आता मोठं मनबी हिचंच? मला काय ठेवलंय मग हिनं?

"माझे नाहीत ते," ती फाडकन बोलली. "हिचे हायेत. माझे कपाटात पडलेत. त्यानंच पाय भाजले पोरीचे."

सारजाबाईनं कपाळावर हात मारला. "घोंगडीचे घातलेस? सांगितलं हुतं ना तुला!"

मालनबाई समजूतदार बाई. "असू द्या वो, व्हतं कधी," म्हणाली. तिच्या नणंदांनी एकमेकींकडं बघितलं. संस्कृती उठली, तिनं लेकीला सासूच्या मांडीवरनं घेतलं, एका पायाचा मोजा काढून पाऊल बघितलं. मग एकच विचारलं, "आजीनं सांगितलं होतं तुला?"

रत्नमाला सतरंजीवरची झबली गोळा करायला लागली.

जीपवाल्यानं हॉर्न दिला. बाया उठल्या, सामान बाहेर गेलं. बाहेर वारा होता, पोरीला ऊब हवी होती. संस्कृतीनं पिवळा स्वेटर उचलला. दुकानातल्या मऊ लोकरीचा, आईनं दोन महिने खपून केलेला. घालायला म्हणून उघडला आणि थांबली. सगळ्यांसमोर तिनं तो उलटा केला, आतल्या बाजूनं आपल्या गालावर घासला, मानेवर घासला, बाह्यांत हात घालून चाचपला. मगच पोरीला घातला.

पाऊल बघताना काढलेला प्रांजलीचा मोजा सतरंजीवर पडला होता. तो संस्कृतीनं न बघताच उचलला आणि तसाच पोरीच्या पायात चढवला.