एका कडेने झिजलेली

मी एक जुनी टायरची चप्पल आहे, मित्रांनो. गोकुळाबाईंच्या उजव्या पायाची. आता दारामागे पडून असते. वाईट वाटत नाही. टायरला काय वाटायचे?

वडशाच्या बाजारात चपला करणाऱ्या बुधूभाऊंनी मला कापले, पट्टे ठोकले. तेव्हापासून रोज सकाळी मी तळ्याच्या पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, महादेवापर्यंत जात असे. पिंडीवर पाणी घातल्याशिवाय अन्नाला शिवायचे नाही, हे गोकुळाबाईंचे व्रत. त्या देवळात जात, मी बाहेर उन्हात पडून राही.

मग त्यांचा गुडघा सुजू लागला. त्या पाऊल बाहेर फेकून चालू लागल्या आणि माझी बाहेरची कड झिजत गेली. एके दिवशी अर्ध्या पाळीवरून त्या परत फिरल्या. त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत; मग नुसत्या दूध-फराळावर राहू लागल्या. तेव्हा सून रंजीता त्यांना एसटीने गडचिरोलीच्या दवाखान्यात घेऊन गेली.

तिथे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना चालवून पाहिले. गुडघ्याची झीज भरून येत नाही, म्हणाल्या. पण पायाची बोटे थोडी आत वळवून चाललात, तर भार कमी पडेल. किती वळवायची ते त्यांनी खडूने जमिनीवर आखून दाखवले.

घरी रंजीताने अंगणात तांदळाच्या पिठाने तशीच पावले काढली. गोकुळाबाईंनी मला पायातून काढले, हात जोडले आणि कडेकडेने निघून गेल्या.

"आत्याबाई, पाय द्या ना त्याच्यावर!"

"लक्ष्मीच्या पावलावर पाय देऊ काय वं? पापात पाडतं मले."

"लक्ष्मीचे नाई जी, तुमचेच हायेत!"

त्यांचे यजमान सोमाजी बाजेवरून म्हणाले, "लक्ष्मीचे पाय एवढे फताडे नसते."

रंजीताने पीठ झाडले आणि चुलीतल्या राखेने पावले काढली. राखेवर गोकुळाबाईंनी बिनघोर पाय ठेवला.

अनवाणी जमत होते. मला घातले की मात्र पाऊल पुन्हा बाहेर कलंडे. रंजीताने मला उलटी करून पाहिले.

"आत्याबाई, हीच तुमाले वाकडं चालवून राह्यली."

नव्या चपला आल्या. धानाला लोंब्या आल्या तेव्हा गोकुळाबाई महादेवाला जाऊन आल्या. गुडघा थोडा दुखतच होता. मी सोबत नव्हते. दारामागून एवढेच ऐकले, "रंजीता, भात वाढ वं."

मित्रांनो, घरातली म्हातारी माणसे दुखते असे लवकर सांगत नाहीत. एकदा त्यांच्या चपला उलट्या करून पाहा.