रेघेतली जमीन

उपेंद्र वकिलांनी नकाशावर भिंग धरलं आणि वसंतरावांना खूण करून जवळ बोलावलं. भिंगाखाली तीस वर्षांपूर्वीची काळी रेघ सुरवंटाएवढी फुगली.

"ही तुमचीच?"

"माझीच," वसंतराव म्हणाले.

नुंगंबाक्कमच्या त्या सरकारी कचेरीत सकाळपासून एकाच गोष्टीवर खल चालला होता. वेलचेरीपलीकडची राखीव दलदल रेघेच्या कुठल्या कडेला संपते? रेघ दीड मिलिमीटर जाड; नकाशाच्या प्रमाणात जमिनीवर ती पंचाहत्तर मीटर भरत होती. आतली कड धरली तर ते पंचाहत्तर मीटर उपेंद्रांच्या अशिलाचे, म्हणजे एका बांधकाम कंपनीचे. बाहेरची धरली तर सरकारचे आणि पाणकोंबड्यांचे. शाईत येणाऱ्या जमिनीचं काय करायचं, हे कुठल्याच नियमपुस्तकात नव्हतं. दोन समित्या नेमून झाल्या, चहा बराच झाला, आणि मग कुणाला तरी आठवलं की रेघ मारणारा माणूस अजून जिवंत आहे.

"सार, एवढंच सांगा," चौकशी अधिकारी गुरुमूर्ती तमिळमध्ये म्हणाले. "मूळ बारीक रेघ कुठली? जाडी आत वाढवलीत की बाहेर?"

वसंतरावांनी टेबलाची कड धरली. रेघ जाड करायची तर आतल्या बाजूला, हा ड्राफ्ट्समनचा पहिला धडा. बाहेरची जमीन दुसऱ्याची असते. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी तो एकदाच मोडला होता, बायकोसाठी, विद्युलताबाईंसाठी. त्या रोज सकाळी दुर्बीण घेऊन पक्षी मोजायला जात, आणि त्यांचं लाडकं तळं नेमकं हद्दीच्या बाहेर पडत होतं.

"अहो," त्या भात वाढता वाढता म्हणाल्या होत्या, "तुमच्या रेघेला जरासं पोट सुटलं तर कुणाला कळणार आहे?"

दुसऱ्या दिवशी रेघेला पोट सुटलं. बाहेरच्या बाजूला. तळं आत आलं.

गेल्या वर्षी जानेवारीत विद्युलताबाई गेल्या. त्यानंतर वसंतरावांचे पाय तिकडे वळले नाहीत. पण लेकीचं, प्राचीचं, ऑफिस पेरुंगुडीला, आणि त्याची मागची खिडकी थेट तळ्यावर उघडायची. ती रोज दुपारी फोन करायची. "बाबा, आज चौदा पाणकोंबड्या. दोन झोळीवाले पेलिकन." मग वसंतराव जेवायला बसायचे. आजही ती अर्धी रजा टाकून आली होती आणि मागच्या बाकावर बसली होती.

"बाहेरची," वसंतराव म्हणाले. आयुष्यात मोजमापाबद्दल ते पहिल्यांदाच खोटं बोलत होते, त्यामुळे आवाज जरा मोठा निघाला. "मूळ रेघ बाहेरची. जाडी आत वाढवली. तसा नियमच आहे."

उपेंद्र चिडले नाहीत. त्यांनी फाइलीतून एक फोटो काढून नकाशावर ठेवला.

"मग आमची पंचाईत झाली, सार. आम्ही आतली कड धरून चाललो होतो."

फोटोत काँक्रीट होतं. त्यावर पांढरे पट्टे आणि ओळीने लावलेल्या स्कूटर.

"भराव मागच्या वर्षी मार्चमध्येच टाकला," ते म्हणाले. खोलीतल्या सगळ्यांना हे ठाऊक असावं. कुणी मान वर केली नाही.

वसंतरावांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. पाठीमागे एक इमारत होती, आणि तिच्यावर प्राचीच्या कंपनीची पाटी. ते बाकाकडे वळले.

"काल चौदाच म्हणालीस ना?" त्यांनी मराठीत विचारलं.

प्राची ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"सोळा म्हणाले होते मी, बाबा."

गुरुमूर्तींना मराठी येत नव्हती, पण त्यांनी पंखा एकने कमी केला. "सार, जबाब बदलायचा असेल तर बदला. आतली म्हणालात तर सगळ्यांचंच काम सोपं होईल. नाहीतरी तिथे आता काही नाही."

"बाहेरची लिहा."

"मग कागदोपत्री ते पार्किंग दलदलीत येईल."

"येऊ दे."

त्यांनी सही केली. ती मात्र बारीक रेघेत आली.

जिन्यात प्राची म्हणाली, "मी सांगणारच होते. पण तुम्ही एकदा विचारलंत, पिलं निघाली का, आणि मी हो म्हटलं. मग थांबताच येईना."

"चार पिलं."

"हो."

"मी तुझ्या आईच्या फोटोला सांगितलं होतं," वसंतराव म्हणाले.

प्राचीने चष्मा काढून ओढणीला पुसला, आणि पुन्हा पुसला. एक शिपाई फाइलींचा गठ्ठा घेऊन वर गेला. दोघं भिंतीला टेकून त्याला वाट देत उभे राहिले.

"तू स्कूटर कुठे लावतेस?"

"तिथेच," ती म्हणाली. "तिसऱ्या रांगेत."

"नोव्हेंबरात पाणी येतं?"

"गेल्या वर्षी आलं होतं. सीटपर्यंत. चार दिवस हललं नाही."

वसंतरावांनी मान हलवली, जणू कुणी आपली रेघ तपासून बरोबर म्हटली आहे.

"पाण्याबरोबर कुणी आलं होतं?"

प्राची थांबली. "खरं सांगू, बाबा?"

ते कठडा धरून आणखी दोन पायऱ्या उतरले.

"नको," ते म्हणाले.