ऑइलमनच्या घरातलं पिनबॉल

आमच्या घरात पिनबॉलचं यंत्र आलं ते बैलगाडीतून. लोधिवलीत तोवर ते नाव कुणी ऐकलं नव्हतं, मीही नाही. दाराशी गाडी थांबली, चार गडी ते धूड उतरवायला लागले आणि मी आतूनच ओरडले, "अवो, ह्ये कपाट हाय का पलंग? पाय कुटले आन डोकं कुटलं?"

"खेळ हाय गं," आमचे मालक म्हणाले. "बंद पडलेला."

"चालू खेळ मिळत नवता वाटतं!"

मालकांचं नाव बुधाजी. एकदा सांगितलं, आता पुढं मी 'हे'च म्हणणार. चौक गावाजवळच्या कागदाच्या कारखान्यात हे ऑइलमन. अठरा वर्षं एकच काम, हातात तेलाची कुपी घ्यायची आणि बेअरिंग न् बेअरिंग ओलं ठेवायचं. यांना व्हायचं होतं वायरमन. घरातली वायर, शेजारच्यांचे रेडिओ, सगळं बघून बघून शिकलेले. पण परीक्षेला नाव कारखान्यानं पाठवावं लागे, आणि दरवर्षी ह्यांचं नाव हेडवायरमन आबाजी खोडायचे. "तेलवाल्यानं तेल घालावं," असं चारचौघांत म्हणायचे आणि वर हसायचे. त्या दिवशी हे घरी आले की जेवायचे नाहीत. मला त्या आबाजींचा असा संताप यायचा की विचारू नका.

शहात्तरच्या दिवाळीत साहेबांच्या क्लबची साफसफाई निघाली. कारखाना उभा करायला आलेल्या कुणा गोऱ्या इंजिनिअरनं हे यंत्र मागं ठेवलेलं, दहा वर्षं बंद. भंगारात निघालं होतं. ह्यांनी थेट मॅनेजर साहेबांना गाठलं. साहेब म्हणाले, "घेऊन जा. सव्वीस जानेवारीला चालू करून क्लबात आण. चाललं तर तुझं नाव मी स्वतः पाठवतो, कुणी खोडणार नाही. नाही चाललं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

म्हणजे दिवाळीपासून सव्वीस जानेवारी. आणि ह्यांनी असलं यंत्र आयुष्यात उघडून पाहिलेलं नव्हतं.

वरची काच काढली. खाली उतरती लाकडी फळी, तिच्यावर रंगीत टोप्या, तळाशी दोन छोटे हात. बाजूचं बटण दाबलं की ते हात लोखंडी गोळीला फटकारतात, ती तळाच्या भोकात पडू नये म्हणून. फळी उचलली आणि मला चक्कर यायची बाकी राहिली. नुसत्या वायरी, कॉइली, पितळी पट्ट्या, आणि मधोमध उंदरानं केलेलं घर. सोबत वायरिंगचा कागद होता, तो त्याच उंदरानं अर्धा खाल्लेला. जड ट्रान्सफॉर्मर तेवढा धडधाकट होता, तो मधे लावल्याशिवाय यंत्राला आपली वीज चालत नसे.

मी तेव्हा पांडू मिस्त्रीकडं बिगारी होते. चौकला शाळेच्या खोल्या बांधत होतो. बारा वर्षं घमेली उचलली, पण मिस्त्रीचा एक नियम होता, बाईनं ओळंब्याला हात लावायचा नाही. भिंत वाकडी होते म्हणे! दोरीला लोखंडी लंबक बांधलेला असतो, तो सोडला की भिंत सरळ आहे का ते कळतं, एवढीच ती विद्या. त्याला माझ्या हाताचं काय वावडं? पण बोलायचं कुणाला!

संध्याकाळी कामावरून आले की मी दिवा धरायची आणि हे एकेक पट्टी पॉलिश पेपरनं घासायचे. रबराची कडी सगळी कुजलेली, ती सायकलच्या ट्यूबमधून कापून घातली. गोळी हरवलेली होती. स्टोअरकीपरला विचारून ह्यांनी फुटक्या बेअरिंगमधली एक आणली, ती अशी नेमकी बसली की हे दिवसभर शीळ घालत होते. डिसेंबर लागता लागता बटण दाबलं आणि अख्खं यंत्र पेटलं! लाल, पिवळं, हिरवं. वरचे आकडे खडाखडा फिरले. आमची अख्खी वस्ती दारात. शेजारची भागूबाई तर म्हणाली, "चिमे, तुझ्या घरी जत्रा भरली गं बाई!"

चार दिवसांनी हात अडकायला लागले. वर जायचे ते खाली येईनात. आकडे मधेच थांबत. मी विचारलं, "तुमी आत काय घातलंत?"

"घालनार काय? तेल."

"कुटं?"

"सगळीकडं." आणि वर मलाच, "तेलाबिगर मशीन चालती का कधी?"

अठरा वर्षांची सवय! प्रत्येक कॉइलीत, प्रत्येक दांडीला, घासून लख्ख केलेल्या पट्ट्यांनासुद्धा प्रेमानं तेल पाजलेलं. मी कपाळावर हात मारून घेतला. "अवो, सेंट्रिंगच्या फळ्यांना तेल लावतात, त्याच्यावर धूळ बसली का कसा राप चढतो ते मी रोज खरवडते. ह्ये काय तुमचं कारखान्याचं मशीन हाय? ह्याचं अंग बघा, दांडी किती हलकी! तिला तेल नको, कोरडंच पायजे."

खूप भांडलो. हे म्हणाले, "घमेलं उचलनारीनं मला मशीन शिकवू नकोस." म्हटलं, "बरं. मग आबाजींनाच बोलवा." त्यावर हे उठून ओट्यावर जाऊन बसले. मलाच वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी हे आपणहून माझं जुनं लुगडं मागायला आले. त्याच्या चिंध्या केल्या, वीज काढली, आणि दोन रविवार दोघांनी अंगणात बसून रॉकेलनं तेलाचा थेंब न् थेंब पुसला. उन्हात वाळवून परत जोडलं. हात झपाझप पडायला लागले. हे माझ्याकडं बघून नुसते हसले, माफी बिफी काही नाही, पण मला पोचली.

मग तिसरंच दुखणं. खेळ सुरू व्हायचा, गोळी दोनदा तीनदा जोरात आपटली की बटणं मरायची. दिवे चालू, पण हात हलायचे नाहीत. ह्यांनी सगळ्या वायरी तपासल्या, कॉइली तपासल्या. संक्रांत झाली तरी तेच. एका सकाळी हे यंत्रासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "चिमे, आबाजी बरोबरच बोलतो."

मी रागारागानं पुढचं झाकण उघडलं. ह्यांना सांगितलं, "तुमी वर काचेवर थाप मारा, मी आत बघते." ह्यांनी थाप मारली आणि डाव्या बाजूच्या अंधारात काहीतरी डुललं. दिवा आत घातला. एका दांडीला टोकदार लंबक टांगलेला, भोवती लोखंडी कडं, आणि लंबक कड्याला अगदी टेकायला आलेला. थाप मारली की टेकायचा, टेकला की वर खट्ट.

"अवो," मी म्हटलं, "ह्यो तर ओळंबा हाय!"

"काय?"

"ओळंबा! कुनी यंत्राला हलवून गोळी वाचवू नये म्हनून लावलाय. हललं का खेळ बंद. आन आपलं यंत्र बिनहलवताच वाकडं उभं हाय."

वाकडं का, तर आमची शेणानं सारवलेली जमीन मोरीकडं उतरती. पाणी वाहून जावं म्हणून आम्ही सगळेच तशी करतो. मी विटेच्या कपच्या आणल्या, डाव्या पायांखाली एकेक सारली, लंबक कड्याच्या बरोबर मधोमध येईस्तोवर. मग हे खेळले. एका खेळात गोळी पाच वेळा सोडायला मिळते, ते पाचही डाव, न अडकता, आणि ह्यांचे डोळे भरून आले.

मी म्हटलं, "क्लबात माझं नाव काढू नका. बायकोनं केलं म्हनून हसतील, आन तुमचं नाव परत खोडतील." हे यंत्रावरची काच पुसत राहिले.

सव्वीस तारखेला झेंडावंदन झालं आणि सगळे क्लबात आले. मी बायकांसोबत दाराशी उभी. शिपायानं खुर्च्यांना जागा करायला यंत्र सरकवलेलं. साहेबांनी गोळी सोडली, ती टोप्यांवर आपटली, घंटा वाजल्या, टाळ्या पडल्या. आणि बटणं मेली.

आबाजी मोठ्यानं म्हणाले, "घाल, तेल घाल आता!" सगळे हसले. ह्यांनी यंत्राकडं पाहिलं, साहेबांकडं पाहिलं, आणि मग सगळ्यांच्या डोक्यावरून हाक मारली, "चिमा! इकडं ये गं. ओळंबा टेकलाय."

मी चपला काढल्या आणि गेले. झाकण उघडलं. लंबक कड्याला डावीकडून टेकलेला. खाली बघते तर उजवे दोन पाय सतरंजीवर, डावे फरशीवर. "साहेब, वाईच बाजूला व्हा," मी म्हटलं. साहेब झाले बाजूला! ह्यांनी यंत्र उचलून धरलं, मी सतरंजी ओढली. लंबक मधोमध आला.

"हे कुणी शोधलं?" साहेबांनी विचारलं.

"माझ्या मंडळीनं," हे म्हणाले, आबाजींकडं बघून, अगदी ठणकावून. "गवंडीकामातली हाय. तिच्याबिगर ह्ये चाललं नसतं. नाव पाठवायचं नसंल तर ऱ्हाऊ द्या, पन खोटं नाय बोलनार."

साहेबांनी पुन्हा गोळी सोडली. खेळ पाचव्या डावापर्यंत चालला. मग ते क्लार्ककडं वळले. "याचं नाव लिही. आत्ता, माझ्यासमोर." आबाजी तोंड फिरवून चहा पीत होते. थोड्या वेळानं तेच खेळायला आले, गोळी जायला लागली तसं यंत्राला गदागदा हलवलं, आणि बटणं मेली. मी म्हटलं, "हलवू नका दादा, त्याला कळतं." यावेळी सगळे हसले, पण आम्हांला नाही.

परीक्षेत हे पास झाले ते पुढं जूनमध्ये. पण मला आठवते ती सत्तावीस जानेवारीची सकाळ. कामावर गेले, घमेलं खाली ठेवलं आणि पांडू मिस्त्रीच्या पिशवीतून ओळंबा काढला.

"ए, ठेव तो!" मिस्त्री ओरडला.

"नाय ठेवत," मी म्हटलं, आणि चढले बांबूच्या परांचीवर. "तुमचा ह्यो कोपरा वाकडा हाय मिस्त्री, पयला त्यो बघू द्या."

दोरी सोडली. कोपरा बोटभर बाहेर होता. मिस्त्री वर चढून आला, दोरीजवळ बोट धरून बघितलं आणि म्हणाला, "खालच्या तीन थरांपासून विटा काढून परत रचाव्या लागतील. चल, ओळंबा धर तू."