पुतळाबाईची नाल

मित्रांनो, वडगाव रासाईच्या घाटावर बांधलेली ती जुनी हिरवी होडी म्हणजे मी. अंगाने फायबरची असले, तरी माझ्या मागच्या भिंतीच्या पोटात लाकडी फळी असते. तिच्यावरच इंजिन टांगतात.

१९९४ साली मच्छिंद्र आणि दत्ता या भावांनी मला भीमेत उतरवले. अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. मी शाळेची पोरे नेली, दुधाच्या किटल्या नेल्या, एकदा तर नवरदेव नेला. त्याला पोहता येत नव्हते. डोह ओलांडेपर्यंत बिचारा डोळे मिटून बसला आणि वऱ्हाडी पोट धरून हसले. फार चांगले दिवस होते ते.

पहिल्याच दिवशी मच्छिंद्र-दत्ताच्या आईने, पुतळाबाईने, नारळ फोडला. डोहातल्या साती आसरांची, त्या जलदेवतांची, नजर लागू नये म्हणून घोड्याची नाल आणली आणि स्वतःच्या हाताने माझ्या मागच्या भिंतीवर ठोकली. त्या खिळ्यांच्या भोकांतून पाणी आत झिरपू लागले. दहा पावसाळे झिरपले. वरून मी चकचकीत, आत फळी कुजत चाललेली. मला कळत होते, पण सांगणार कोणत्या तोंडाने?

२००४ च्या भाद्रपदात, भर डोहात, भिंतीचा वरचा काठ फाटला आणि इंजिन निखळले. ते धरायला दत्ता झेपावला. तो इंजिनाबरोबर खाली गेला. तिसऱ्या दिवशी सापडला.

"आसरांनी नेला," गाव म्हणाले. मला काठावर पालथे घातले. सहा महिने कोणी जवळ फिरकले नाही. वारा सुटला, की दत्ताची बोटे माझा काठ चाचपताहेत असे मला वाटे. आजही वाटते.

पोट कोणाला सुटले आहे? शेवटी मच्छिंद्रने दौंडहून साहेबरावांना आणले. ते पाण्याच्या टाक्यांना फायबरची ठिगळे लावीत. त्यांनी हातोडीच्या दांड्याने मला ठोकून पाहिले. कडेला टणटण वाजले, नालेभोवती भदभद. तिथे भोक पाडताच काळे, आंबूस पाणी ओघळले.

"आसरा न्हाई, मच्छिंद्र. ह्या खिळ्यांनी लाकडाला पानी पाजलंय. कुनी ठोकली ही नाल?"

मच्छिंद्रने घराकडे पाहिले. ओट्यावर आई धान्य निवडत होती. तो खिळे उपसायला वाकला.

नाल निघाली. कुजका भुसा खरवडला, आठ दिवस मला उन्हात वाळवले, नवी फळी बसवून तिच्यावर फायबरचे थर चढवले. मी पुन्हा पाण्याजवळ आले, तेव्हा पुतळाबाई राखेने घासलेली नाल आणि पदरात खिळे घेऊन उभी होती.

"आता तू ठोक रं बाबा. मागल्या येळी माझी ठोकनी कच्ची पडली आसंल, म्हून माझा दत्ता गेला."

मच्छिंद्रने नाल आणि खिळे हातात घेतले.

"व्हय आई," तो म्हणाला. त्याने खिळे खिशात टाकले आणि नाल सुतळीने माझ्या पुढच्या कडीला बांधली.

मित्रांनो, होडीला भोक पाडलेत, तर ते त्याच दिवशी बुजवा. साऱ्या गावाला हे सांगा. फक्त पुतळाबाईला सांगू नका.