अर्पणात गेलेला तंबोरा

मी मिरजेचा तंबोरा बोलतोय. आवाज थोडा बसका वाटला तर सांभाळून घ्या. वय झालंय, पण सूर अजून पक्का आहे.

सतारमेकर गल्लीत एका भोपळ्यातून माझा जन्म झाला. शांतवननं मला घरी आणलं आणि जन्मभर चर्चमध्ये माझ्या साथीनं भजनं गायली. तो देवाघरी गेल्यावर त्याची बायको सुलाबाई रोज सकाळी माझ्या तारा लावायची. घरात त्याचा तेवढाच आवाज उरला होता.

एकदा ती माहेरी, कडेगावला जाताना शांतवनचा धाकटा भाऊ अर्जुना मला सरावासाठी घेऊन गेला. त्याची बायको नुकतीच मोठ्या दुखण्यातून उठली होती. त्यात आला कापणीचा सण! त्या दिवशी लोक शेतातलं पहिलं पीक देवाला देतात, मग चर्चच्या अंगणात त्याचा लिलाव होतो. अर्जुनाला ना शेत, ना कोंबडी. आनंदाच्या भरात गड्यानं मलाच अर्पण केलं! लाल भोपळ्यांच्या रांगेत मीही एक भोपळा. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र, दुसरं काय! पलूसच्या एका पाहुण्यांनी लिलावात बोली लावून मला नेलं आणि टीव्हीशेजारी उभं केलं.

सुलाबाई परतली, तेव्हा अर्जुनाला चूक उमगली. पाहुण्यांच्या हातापाया पडून त्यानं मला परत आणलं.

"आवं वैनी, देवापुढं लय रडलो. त्यानं माफ केलं मला."

"त्यानं केलं असंल, भावजी. पर तंबोरा माझा व्हता. मला इचारलंसा का?"

अर्जुनाची मान खाली गेली. "चुकलं माझं."

"बरं, केलं माफ," ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी तो दारात दिसला आणि तिच्या कपाळावर पुन्हा आठी. चर्चमध्ये प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर घ्यायला, सारे पुढे जायचे, ही बाकावरच बसून राहायची. मनात अढी ठेवून ती भाकर घ्यायची नाही, असं ती लहानपणापासून शिकलेली. मला फार वाईट वाटायचं. भांडणाचं मूळ मीच ना!

एकदा ती तारा लावत असताना चर्चचे पाळकसाहेब घरी आले.

"साहेब, सकाळी माफ करते आन् दुपारी पुन्ना राग येतोय. मंजी माझी माफी खोटीच न्हवं?"

"तारा रोज कशाला लावता, बाई?"

"उतरत्यात की."

"मग कालचा सूर खोटा होता का?"

सुलाबाईनं उतरलेली तार पुन्हा छेडून पाहिली. पाळकसाहेब म्हणाले,

"देव क्षमा करतो ती एकदाच. तो पाप पुन्हा आठवत नाही. आपल्याला आठवतं, म्हणून आपल्याला रोज करावी लागते."

त्या रविवारी मला घेऊन ती अर्जुनाशेजारी जाऊन बसली. "भावजी, राग आज बी हाय. पर तुमी गावा, मी तंबोरा धरते." अर्जुनानं डोळे मिटून पहिली ओळ धरली. प्रभुभोजनाला दोघं मिळून पुढे गेली आणि मी बाकावर सुखानं पडून राहिलो.

आता दर रविवारी असंच चालतं. तुमच्याही घरात एखादी तार उतरली असेल, तर तंबोरा टाकून देऊ नका. खुंटी पिळा, पुन्हा पिळा.

परवा खुंटी पिळता पिळता सुलाबाई अर्जुनाकडे बघून हसली आणि म्हणाली, "आज लवकर लागला."