जोडलेलं वाक्य

"आवाज वाढव," बाबा म्हणाले.

तिने रिमोट उचलला, पण बटण काही दाबलं नाही. "सेल संपलेत वाटतं."

"मघाशी तर चालत होते. दे इकडे," म्हणत आईने तो काढून घेतला.

पडद्यावर तळ्याकाठचा बंगला आला, नटूनथटून उभी असलेली माणसं आली आणि त्यांच्यात ती स्वतःही. ती मुलांना पोहायला शिकवायची; मुलं तिला शिट्टीबाई म्हणत. लग्न मोडून माहेरी आली त्यालाही काही वर्षं लोटली होती. मैत्रिणीने परस्पर तिचे फोटो पाठवले आणि बाई चक्क जोडीदार शोधण्याच्या कार्यक्रमात जाऊन बसल्या.

आठवडाभर त्याची जाहिरात दाखवत होते. तिच्याच आवाजात एक वाक्य: "बाबांमुळे माझं आयुष्य वाया गेलं."

बाबा निवृत्त बसचालक. एरवी बातम्या देणाऱ्यांशीही हुज्जत घालणारा माणूस, पण ती जाहिरात पाहिल्यापासून घरात मुक्याने वावरत होता. ती सांगायला गेली तर म्हणाले, "आधी पूर्ण बघू. मग बोलू."

आणि सांगणार तरी काय? आपण असं बोललोच नाही, हे तिलाही छातीठोकपणे म्हणता येईना. त्या बंगल्यात एका बिनखिडकीच्या खोलीत बसवायचे. आवाज नको म्हणून पंखा बंद. समोर एक गोड मुलगी, प्रश्न विचारणारी. "पूर्ण वाक्यात सांग हं ताई, टीव्हीवर माझा प्रश्न ऐकू येणार नाहीये." सांगितलं की, "छान! आता आणखी थोडं मनापासून." लग्न, नवरा, माहेर, पुन्हा लग्न. जेवण लांबायचं, डोकं भणभणायचं. अशा वेळी तोंडातून काय निसटलं असेल, देव जाणे. शिवाय ते लग्न बाबांनीच जमवलं होतं. मनात खोल कुठेतरी तसं असेलही, या विचाराने तिची झोप उडाली होती.

पडद्यावर आता ती जनावरांच्या डॉक्टरबरोबर तळ्याकाठी फिरत होती. हसरा, जरा बुजरा माणूस. मग ती खोली, तिचा चेहरा. मग एकदम दुसऱ्याच खोलीतल्या खिडकीचा पडदा, तिची पाठमोरी मान, आणि ते वाक्य.

आईने खाली पाहिलं.

"थांबवा," ती ओरडलीच. "आई, मागे घे. पुन्हा लाव."

"कशाला गं जखमेवर मीठ?"

"लाव ना!"

पुन्हा वाक्य. ती उठून टीव्हीला नाक लावून उभी राहिली. "ऐका. 'बाबांमुळे' म्हणताना माझा आवाज खणखणीत आहे. आणि पुढचं? घसा बसलाय. गार पाण्यात आम्हाला दिवसभर उभं केलं होतं, त्यानंतरचा आहे तो."

"म्हणजे?" बाबा पुढे सरकले.

"म्हणजे दोन वेगळे दिवस! पहिल्या दिवशी मी म्हटलं होतं, बाबांमुळे मी पाण्यात उतरले. आणि दुसरं..." तिला ते शब्द अख्खेच्या अख्खे आठवले. "बाबा मला घ्यायला आले नसते, तर त्या घरात माझं आयुष्य वाया गेलं असतं. असतं! शेवटचा शब्द कापलाय मेल्यांनी. म्हणून तर माझं तोंड दाखवलं नाही!"

ती परत येऊन बसली. हसू की रडू कळेना, तर दोन्ही एकदम आलं.

"मेल्यांचं वाटोळं होवो," आई म्हणाली.

बाबांनी पडद्यावरच्या त्या थिजलेल्या मानेकडे पाहिलं. "मला वाटलं, खरंच बोललीस," ते म्हणाले. "रागही आला नाही गं. म्हटलं, स्थळ मीच आणलं होतं. एवढं बोलायचा तुला हक्क आहे."

"बाबा!"

"नाही, बोलू दे. आठवडाभर तेच गिळत होतो." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "हुश्श. चला, आता भूक लागली."

जेवताना आईला राहवेना. "आणि तो डॉक्टर? तो तरी खरा, की तोही जोडलेला?"

ती हसली. "हात हातात घ्या, असं सांगायचे. विमानाचा आवाज आला की पुन्हा घ्या. उजेड बदलला की पुन्हा. पण एकदा 'झालं, सोडा' म्हणाले, तेव्हा त्याने लगेच सोडला नाही."

"मग?"

"मग काही नाही. परवा फोन आला होता. त्याचं जुळलंय कुठेतरी. आनंदात होता." तिने ताट पुढे केलं. "वाढ गं थोडं."

आईने भाताचा मोठा डाव वाढला.

रविवारी सकाळी ती पोहण्याच्या तलावावर पोचली, तर मुलांच्या आया कठड्याशी घोळका करून कुजबुजत होत्या. तिला पाहताच गप्प झाल्या. आणि त्यांच्यामागे, पालकांच्या बाकावर, इस्त्रीचा सदरा घालून बाबा बसले होते. घरून कधी निघाले, तिला पत्ताच नव्हता.

ती मुलांना घेऊन पाण्यात उतरली, तेव्हा मघाशी कुजबुजणाऱ्यांपैकी एक बाई पर्स बाजूला घेत बाबांशेजारी बसल्या. "आपलं कोण आहे पाण्यात?"

"ती काय," बाबा म्हणाले. "शिकवतेय ती. मुलगी माझी."

बाई ओशाळून सरकल्या. बाबा ऐसपैस टेकले, उन्हाला डोळ्यांवर हात धरून पाण्याकडे पाहत राहिले.